अँटेनाची दिशा

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, केळीच्या नि पानवेलीच्या वाड्यांमधल्या कौलारू घरांवर, एके काळी झाडून सगळ्या अँटेनांची तोंडे दक्षिणेला असत. वरळीचा मनोरा इथून जवळपास सरळ दक्षिणेला. नारळाची झावळी पडली, कावळा बसला, खाऱ्या वाऱ्याने जोड गंजला की पडद्यावर मुंग्या. मग कुणीतरी शिडी लावून वर चढे आणि खालून घरातले ओरडत, ‘अजून थोडा, अजून... बास, हलवू नको!’ लोकसेवा दूरचित्रवाणीच्या अभ्यासात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला मी आधी स्टुडिओत नेणार नाही. या शिडीखाली उभे करीन. चित्र कुठून येते आणि त्यातली मराठी कुणाची, हे दोन्ही प्रश्न तिथून एकदम पडतात.

अँटेनाची दिशा हा राजकारणाचा विषय होऊ शकतो, हे मी वेल्सच्या इतिहासातून शिकलो. तिथे वेल्श कार्यक्रम इंग्रजी वाहिन्यांवरच अधूनमधून लागत. वेल्श न येणाऱ्या अनेक घरांनी कंटाळून आपले अँटेना इंग्लंडमधल्या मनोऱ्यांकडे वळवले. वेल्श बोलणाऱ्यांना तो वेळ अपुरा वाटे, इतरांना तो नकोसा होई. स्वतंत्र वाहिनीचे आश्वासन देऊन सरकार मागे फिरले, तेव्हा ग्विनव्होर एव्हन्स या नेत्याने १९८० साली आमरण उपोषणाचा इशारा दिला. सरकार नमले. १ नोव्हेंबर १९८२ रोजी ‘एस-फोर-सी’ ही वेल्श वाहिनी सुरू झाली. वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार भरले. आपल्या वसई-विरार शहराची लोकसंख्या २०११ सालीच १२ लाखांवर होती. एवढ्याशा समाजाने आपली वाहिनी झगडून मिळवली.

मराठीला दूरचित्रवाणी मिळाली ती न झगडता. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. एकाच वाहिनीवर मराठी, हिंदी, गुजराती असे सगळे शेजारी दाटीवाटीने राहत. त्या दाटीतही मराठीच्या वाट्याला काय आले ते पाहा : ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘किलबिल’, ‘चिमणराव’, शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’. स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे इथे बातम्या वाचत; पुढे प्रदीप भिडे यांचा आवाज घराघराच्या ओळखीचा झाला. या सगळ्यांत अभ्यासकाने सर्वाधिक वेळ द्यावा असा कार्यक्रम माझ्या मते ‘ज्ञानदीप’. निर्माते आकाशानंद यांच्या या कार्यक्रमाभोवती प्रेक्षकांनी गावोगावी ज्ञानदीप मंडळे उभी केली. पाहणारे लोक एकत्र येऊन कामाला लागतात, हे लोकसेवा प्रसारणाचे ध्येय म्हणून पुस्तकांत पुष्कळदा वाचायला मिळते. इथे ते घडले. मंडळांची पत्रे, हजेरीच्या वह्या, फोटो कुणाच्या तरी माळ्यावर वाळवीची वाट पाहत असतील. ते शोधणे हे पीएच.डी.पेक्षा मोठे काम आहे, असे मी मनापासून मानतो.

आता १९८२ या सालाकडे पुन्हा या. वेल्शला वाहिनी मिळाली त्याच्या अडीच महिने आधी, १५ ऑगस्टला, दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रमाचे प्रक्षेपण सुरू झाले आणि रात्रीचे मोलाचे तास प्रादेशिक केंद्रांच्या हातून गेले. रंग आले, पडदा देखणा झाला, पण मराठीची जागा आक्रसली. स्वतंत्र मराठी वाहिनी १९९४ मध्ये आली आणि २००० साली तिचे नाव ‘सह्याद्री’ झाले. तोवर खासगी वाहिन्यांनी प्रेक्षक आपल्याकडे वळवायला सुरुवात केली होती. मधल्या त्या बारा वर्षांवर एक चांगला प्रबंध व्हायला हवा. आपण ते तास इतक्या सहज का सोडले?

हा प्रश्न वसईतून विचारताना मला दुसऱ्या बाजूलाही वळावे लागते. मुंबई केंद्राची मराठी आमच्या घरातली नव्हती. सामवेदी ख्रिस्ती घरांत कादोडी बोलली जाते, वाडवळांची वाडवळी निराळी, पुढे डहाणू-तलासरीकडे वारली. या घरांना पडद्यावरची मराठी शाळेसारखी वाटे : आदराची, स्वच्छ, जरा लांबची. लंडनच्या वाहिनीपुढे बसलेल्या वेल्श आजीचे जे होत असेल, तेच कादोडी आजीचे वरळीच्या वाहिनीपुढे होत होते. प्रसार भारतीचा कायदा १९९० साली संमत झाला आणि १९९७ मध्ये अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमात देशातल्या विविध प्रदेशांच्या संस्कृतींना आणि भाषांना पुरेसे स्थान देण्याचे कर्तव्य लिहिलेले आहे. कादोडी आणि वारली त्या वाक्याच्या आत बसतात, असे माझे ठाम मत आहे. मराठीसाठी दिल्लीकडे जे मागायचे, ते वारलीसाठी मुंबईकडे मागता आले पाहिजे.

तुम्ही या विषयाकडे वळत आहात याचा मला फार आनंद आहे. इथे गर्दी नाही आणि काम अफाट आहे. जुन्या टेप सगळ्याच हाती लागणार नाहीत, म्हणून पाहणाऱ्यांकडे जा. आमच्या आळीत एकच टीव्ही होता, तो आमच्याकडे. बातम्या संपल्या की आजी ओटीवर येऊन बसे आणि शेजारणींना त्या पहिल्यापासून कादोडीत सांगे. पावसाची बातमी आधी, मंत्र्यांची शेवटी. तशा बातम्या ऐकलेल्या बायका भुईगावात, गासमध्ये, वाघोलीत अजून आहेत. त्यांच्याकडे दुपारी, जेवणे उरकल्यावर जा. रेकॉर्डर पिशवीत राहू द्या, आधी विचारा, आणि त्या ज्या भाषेत बोलतील त्याच भाषेत लिहून घ्या.