नृत्यचित्रण, रात्रीचे

रात्रीच्या मंचावरचे वेगवान नृत्य व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपण्याचे तंत्र. छत्रपती संभाजीनगरात त्याची कसोटी वेरूळ-अजिंठा महोत्सवात लागते. पूर्वी वेरूळला कैलास लेण्यासमोर भरणारा हा महोत्सव पुढे शहरात सोनेरी महालाच्या प्रांगणात आला; फेब्रुवारी २०२३ मध्ये तो तेथेच झाला. मागे रंगीत दिव्यांत उजळलेला १७व्या शतकातला महाल, पुढे अंधार आणि झोतात एकटी नर्तकी. चौकटीत काळोख जास्त आला, की ऑटोवरचा कॅमेरा उजेड वाढवतो आणि चेहरा पांढराफटक पडतो. म्हणून एक्स्पोजर मॅन्युअलच ठेवतात.

खरी अडचण कथकच्या चक्करांची. सेकंदाला एक चक्कर आणि हात अक्षापासून ७० सेंमी लांब धरला, तर बोटांचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर होतो. शटर १/५० असेल तर एका फ्रेममध्ये बोटे जवळपास ९ सेंमी सरकतात, म्हणजे पुसट दिसतात. १/२०० वर हे अंतर २ सेंमीच्या आसपास येते, पण उजेड चौथाई होतो. तो भरून काढायला आयएसओ १६०० वरून ६४०० वर न्यावा लागतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर रवाळ दाणे नाचू लागतात. नवशिके शटर वाढवतात. ते चुकते, कारण कथकमध्ये प्रत्येक फेऱ्यात मान झटक्यात समोर येते आणि नजर क्षणभर थांबते. तेवढ्यात १/५० वरही चेहरा स्वच्छ येतो. पुसट होतो तो घागऱ्याचा घेर, आणि तो पुसटच शोभतो.

१/५० ला दुसरेही कारण आहे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने तिच्यावर थेट चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० किंवा १/१०० वर ते जाणवत नाही, १/६० वर पट्टे सरकताना दिसतात. मोबाइलच्या कित्येक चित्रफिती याच पायी बिघडतात. एलईडी पॅनेलची गत वेगळी. तालमीच्या वेळी एकदा तपासलेले बरे.

बाकी काम लेन्सचे. झूम ताणल्यावर एफ ५.६ वर येणाऱ्या साध्या लेन्सपेक्षा एफ २.८ ची लेन्स चौपट उजेड देते. मात्र फोकसची खोली कमी होते. ओढणी चेहऱ्याआड आली, की ऑटोफोकस भरकटतो. चक्कर बहुधा एकाच जागी होतात, म्हणून नर्तकी त्या जागी उभी राहताच फोकस कुलूपबंद करून ठेवतात आणि समेपर्यंत हात लावत नाहीत.