पैलवान कशासाठी लढतो? खाशाबा, जो लुई आणि एक गहाण पडलेलं घर

(पॉडकास्टच्या भागाचं लेखी रूप. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

 

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नातून आलाय. प्रश्न साधा आहे. हे व्यावसायिक बॉक्सर एकमेकांची तोंडं फोडून घेतात, ते पैशासाठी की खेळावरच्या प्रेमासाठी?

प्रश्न बॉक्सिंगचा आहे, पण त्याचं उत्तर शोधायला मला लास व्हेगासला जावंसं वाटत नाही. मी तुम्हाला कराडजवळच्या गोळेश्वरला नेणार आहे आणि तिथून कोल्हापूरला. कारण अंगावर मार झेलून पोट भरण्याचा, आणि त्याच अंगाचा अभिमान बाळगण्याचा, आपल्याकडचा मोठा इतिहास कुस्तीचा आहे. आणि त्या इतिहासात एक माणूस असा आहे की त्याच्यापुढे 'पैसा की प्रेम' हा प्रश्नच तोकडा पडतो.

आधी खुराकाचा हिशेब

कुस्ती म्हटलं की आपल्याला शड्डू आठवतो, लाल माती आठवते. पण तालमीत पहिला प्रश्न असतो खुराकाचा. दूध, तूप, बदामाची थंडाई. पहाटे उठून शेकडो जोर-बैठका मारणाऱ्या पोराला हे रोज लागतं, आणि वर्षानुवर्षं लागतं. मातीसुद्धा फुकट नसते. हौदातल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ राखावी लागते. शेतकऱ्याच्या घरात एक पोरगा पैलवान करायचा म्हणजे बाकीच्यांच्या ताटातलं दूध-तूप त्याच्या ताटात जाणार, हे घरानं कबूल केलेलं असतं.

हा खर्च कोणीतरी उचलल्याशिवाय पैलवान घडत नाही. कोल्हापुरात तो राजर्षी शाहू महाराजांनी उचलला. 1902 साली ते युरोपच्या दौऱ्यावर गेले, रोमचं प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिलं, आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं. 1912 मध्ये ते पूर्ण झालं. मध्ये हौद, भोवती चढत जाणारी बैठक, म्हणजे शेवटच्या माणसालाही डाव दिसला पाहिजे. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, मठ अशा तालमींनी हे शहर कुस्तीची पंढरी झालं.

आता त्या काळातल्या पैलवानाला जाऊन विचारा, 'बाबा, तू पैशासाठी लढतोस की प्रेमासाठी?' तो तुमच्याकडे बघतच राहील. दरबारानं खुराक दिला, मैदानात जिंकला तर इनाम दिलं, फेटा बांधला. इनाम घेण्यात लाज नव्हती. उलट इनाम नाकारणं हा देणाऱ्याचा अपमान झाला असता. गावच्या जत्रेत आजही हेच दिसतं. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मग नारळावर, मग रोख रकमेवर, आणि शेवटी एक नंबरची कुस्ती मोठ्या इनामाची. रेवडीपासून लाखापर्यंत ती एकच शिडी आहे. त्यात कुठल्या पायरीवर प्रेम संपलं आणि धंदा सुरू झाला, हे कोण सांगणार?

मग हा प्रश्न आला कुठून?

तो आला विलायतेतून. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या वरच्या वर्गानं 'हौशी' आणि 'व्यावसायिक' अशी भिंत घातली. ऐकायला फार उदात्त वाटतं: खेळ खेळासाठी. पण बारकाईनं बघा. हेन्ली इथल्या प्रसिद्ध नौकाशर्यतींच्या 1879 च्या नियमांत कारागीर आणि मजूर माणसाला हौशी मानतच नव्हते. म्हणजे त्यानं शर्यतीतून पैसे मिळवले असोत वा नसोत, हातानं काम करून पोट भरतो एवढ्यावरच तो बाद! ज्याच्या घरी जमिनीचं उत्पन्न येतं त्याचं प्रेम शुद्ध, आणि ज्याला उद्याची चूल पेटवायची आहे त्याचं प्रेम भेसळीचं.

ऑलिंपिकनं हीच भिंत उचलून घेतली. अमेरिकेच्या जिम थॉर्पनं 1912 मध्ये स्टॉकहोमला दोन सुवर्णपदकं जिंकली. हा मूळ अमेरिकी आदिवासी समाजातला, गरीब घरचा. पुढे कळलं की त्यानं त्याआधी बेसबॉल खेळून किरकोळ पैसे घेतले होते. 1913 मध्ये दोन्ही पदकं काढून घेतली. ती परत देण्याचा निर्णय व्हायला 1982 उजाडलं. तोवर थॉर्पला जाऊन जवळजवळ तीस वर्षं झाली होती.

हा नियम 1980 च्या दशकात सैल पडला. बॉक्सिंगनं सगळ्यात जास्त ताणलं. व्यावसायिक बॉक्सरना ऑलिंपिकचं दार उघडलं ते थेट 2016 मध्ये, रिओला.

गोळेश्वरचा खाशाबा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म 15 जानेवारी 1926, गोळेश्वर, जिल्हा सातारा. घरातच कुस्ती, वडील पैलवान. शिक्षण कराडला, मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला हा तरुण गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं. आयुष्य मातीत गेलेलं, आणि तिथे लढायचं मॅटवर. तरी फ्लायवेट गटात सहावा आला.

चार वर्षांनी हेलसिंकी. इथे खरी कसोटी होती पैशाची. कोल्हापूर संस्थान 1949 मध्ये विलीन झालेलं. म्हणजे ज्या हातानं पैलवान पोसला जायचा तो हातच आता उरला नव्हता. नवं सरकार अजून या गोष्टी शिकत होतं. खाशाबांनी मदतीसाठी दारं ठोठावली, गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि तरी रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. 1952 चे सात हजार!

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीकडून हरले, तोच पुढे सुवर्णविजेता ठरला. त्या दमवणाऱ्या लढतीनंतर लगेच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं गेलं. नियमानं मधे विश्रांती मिळायला हवी होती, पण तिथे त्यांच्या वतीनं भांडायला एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता, असं सांगतात. कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

गावाकडे शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गुलाल उधळला, ढोल वाजले. आणि गुलाल खाली बसल्यावर?

घर अजून गहाणच होतं.

ऑलिंपिकचं पदक सावकाराकडे चालत नाही. मग खाशाबांनी त्यांना येणारी एकच गोष्ट केली. कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, त्या जिंकल्या, आणि आलेल्या इनामातून खर्डेकर सरांचं घर सोडवलं. ही हकीकत त्यांच्या आयुष्याबद्दल लिहिताना बहुतेक सगळ्यांनी नोंदवली आहे.

आता मला सांगा, त्या कुस्त्या कशासाठी होत्या? पैशासाठी? अर्थात. रोख रकमेसाठीच. प्रेमासाठी? खेळावरच्या म्हणाल तर नाही, कारण ऑलिंपिक पदकविजेत्याला त्या कुस्त्यांतून खेळाचं आणखी काय सिद्ध करायचं होतं? ती लढत होती ऋणासाठी. मराठीत आपल्याकडे 'उतराई होणं' असा शब्द आहे. पैसा की प्रेम या दोन खणांत तो बसत नाही.

आणि विलायती नियमाची मोजपट्टी कडकपणे लावली असती, तर ज्या क्षणी हा माणूस सगळ्यात मोठा वागला, त्याच क्षणी तो 'व्यावसायिक' ठरून बाद झाला असता.

त्याच सुमारास न्यूयॉर्कला

हेलसिंकीच्या एक वर्ष आधीची गोष्ट. 26 ऑक्टोबर 1951, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. जो लुई, वय 37, हेवीवेटचा जगज्जेता म्हणून जवळजवळ बारा वर्षं राज्य केलेला माणूस, समोरच्या तरुण रॉकी मार्सियानोच्या ठोशानं आठव्या फेरीत कोसळला.

लुई निवृत्त झाला होता. मग परत का आला? करामुळे. 1942 मध्ये, युद्ध सुरू असताना, त्यानं दोन लढतींची आपली कमाई नौदल आणि लष्कराच्या मदतनिधींना देऊन टाकली होती. सरकारच्या करखात्यानं त्या दान केलेल्या पैशावरही कर लावला. बॉक्सरच्या कमाईतून मॅनेजरचा वाटा जातो, तो एक तृतीयांशापर्यंत. प्रशिक्षकाचे साधारण दहा टक्के. उरलेल्यावर कर. लुईचा हात सढळ आणि हिशेब कच्चा. व्याज चढत चढत कर्ज लाखो डॉलरांवर गेलं. तो लढत राहिला आणि व्याज धावत राहिलं. 1956 मध्ये या महान बॉक्सरला तमाशाच्या कुस्त्यांत उतरावं लागलं.

एकाच सुमारास दोघं कर्जासाठी लढले. खाशाबांचं कर्ज फिटलं, कारण ते एका माणसाचं होतं आणि त्याला सीमा होती. लुईचं कर्ज त्याच्या ठोशांनी फिटण्यासारखं नव्हतंच.

पैसा कधी विष होतो

याचा अर्थ पैसा निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. आपल्या फडावर एक शब्द आहे, 'नूरा कुस्ती'. आधी ठरवून केलेली, लुटुपुटूची. प्रेक्षकांना ते ओळखू येतं आणि मैदानात आरडाओरडा सुरू होतो. गंमत बघा: इनाम कितीही मोठं असो, लोक नाराज होत नाहीत. निकाल विकला गेला की मात्र पेटतात. म्हणजे पैशाची रेषा नेमकी कुठे आहे हे गावच्या माणसाला पक्कं माहीत असतं. लढतीसाठी पैसा घे, हरण्यासाठी घेऊ नकोस.

दुसरं विष शरीराचं. मोडलेला कान हे पैलवानाचं भूषण मानतात. बॉक्सरचं नुकसान असं बाहेर दिसत नाही. डोक्यावर वर्षानुवर्षं ठोसे खाल्लेल्या बॉक्सरच्या मेंदूवर काय परिणाम होतो, हे 1928 मध्येच हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी डॉक्टरनं लिहून ठेवलं होतं. पहिल्या लढतीला माणूस प्रेमानं जाईल. पण पस्तिशी उलटल्यावर, हात जड झाल्यावर, जी लढत होते ती बहुतेकदा दुसरं काही करण्याची सोय नसल्यामुळे होते. तिथे 'प्रेम' हा शब्द आपण, म्हणजे बघणारे, वापरतो. आपल्याला तो सोयीचा असतो.

नोकरी, पेन्शन आणि आपण

खाशाबा 1955 मध्ये पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. गुडघ्याच्या दुखापतीनं 1956 चं मेलबर्न हुकलं. नोकरी इमानानं केली, पण पदकाचं वजन बढतीच्या कागदावर फारसं पडलं नाही, आणि निवृत्तीनंतर पेन्शनसाठी खेटे घालावे लागले. 14 ऑगस्ट 1984 रोजी अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. भारताला कुस्तीत पुढचं ऑलिंपिक पदक मिळालं ते सुशीलकुमारला, 2008 मध्ये, म्हणजे 56 वर्षांनी. त्याच बीजिंगमध्ये विजेंदरसिंगनं बॉक्सिंगचं भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक आणलं, आणि 2015 मध्ये तो व्यावसायिक झाला. तेव्हा कित्येकांनी नाकं मुरडली, की देश सोडून पैशामागे गेला.

2024 मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्याच्याच स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत कांस्य जिंकलं. खाशाबांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक पदक. राज्य सरकारनं एक कोटी रुपये जाहीर केले, रेल्वेनं बढती दिली. कोणी म्हटलं का, की यानं पैशासाठी नेम धरला? नाही. आपल्या वसई-विरारच्या मॅरेथॉनलाही आपण रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवतो. पुढे धावणाऱ्यांना रोख बक्षीस असतं, हे ठाऊक असूनच.

म्हणून माझं उत्तर असं. पहाटे चारला तालमीत नेतं ते प्रेम. त्याशिवाय ते कोणी करूच शकत नाही, तेवढ्या कष्टात दुसरीकडे जास्त मिळतं. पण तालमीत किती वर्षं टिकता येईल, कुठवर पोचता येईल आणि कधी थांबता येईल, हे पैसा ठरवतो. लढणाऱ्याच्या मनात या दोन गोष्टींचं भांडण नसतं. भांडण लावतो आपण, आणि बहुतेकदा तेव्हा, जेव्हा त्याचं देणं द्यायची वेळ आपल्यावर येते. 'तो तर प्रेमासाठी लढला' असं एकदा म्हटलं, की पेन्शनची फाईल पुढच्या महिन्यावर ढकलता येते.

खर्डेकर सरांनी हा प्रश्न विचारला नाही. त्यांनी घराचे कागद काढून दिले.

तुमच्या गावात, तालमीत किंवा घरात असा कुणी पैलवान किंवा बॉक्सर असेल, तर त्याचा खुराक कोणी पुरवला होता, हे जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू.