पाठीवरून चाकावर: चिखलीच्या घाटवाटा आणि सायकल

चिखलीच्या एका श्रोत्याने मध्यंतरी विचारलं होतं, "दादा, चिखलीहून दोन दिवसांची सायकल सहल काढायची आहे. घाट पाहिजे, जंगल पाहिजे. रस्ता सांगा." रस्ता सांगायला दोन मिनिटं लागतात. चिखली, अमडापूर, उंद्री, खामगाव. रात्री खामगावला मुक्काम. दुसऱ्या दिवशी खामगावहून बोथ्याच्या जंगलातून बुलढाणा, आणि तिथून येळगाव, केळवद करत परत चिखली. सगळं मिळून साधारण सव्वाशे किलोमीटर.

पण तो प्रश्न डोक्यात राहिला. हे रस्ते इथेच का आहेत? आणि साध्या, गिअर नसलेल्या सायकलवर, थोडं उतरून ढकलत का होईना, ते चढता का येतात? डोंगरातली प्रत्येक वाट काही सायकलला जमत नाही. म्हणून आजचा भाग याच्यावर.

आधी भूगोल. आपल्या जिल्ह्यात माणसाला पहिला प्रश्न असतो, "घाटावरचे की घाटाखालचे?" चिखली, बुलढाणा, मेहकर, देऊळगाव राजा घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली. मध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड. जुन्या कागदांत याच दोन भागांना वऱ्हाड बालाघाट आणि वऱ्हाड पाईनघाट म्हणतात. बोली बदलते, माती बदलते, पाणीसुद्धा दिशा बदलतं. बुलढाण्याच्या पश्चिमेला, देऊळघाटच्या पलीकडच्या डोंगरात पैनगंगा उगम पावते. ती पूर्वेकडे जाऊन वर्धेला मिळते आणि शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. त्याच डोंगराच्या उत्तर उतारावरून नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा खाली पूर्णेला मिळतात आणि ते पाणी तापीतून अरबी समुद्रात जातं. मोटारीतून जाताना हे लक्षात येत नाही. सायकलवर येतं, कारण पाणी जिथे दिशा बदलतं तिथेच तुमचे पाय थांबतात आणि ब्रेक लागतात.

आता इतिहास. रेल्वे यायच्या आधी वऱ्हाडचा कापूस जायचा कसा? बैलांच्या पाठीवर. गाडीत नाही, पाठीवर. लमाणांचे तांडे शेकडो बैल घेऊन चालायचे. जाताना कापूस, धान्य, येताना मीठ. वऱ्हाडचा कापूस असा थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत गेलेला आहे. विचार करा, कुठे वऱ्हाड आणि कुठे मिर्झापूर!

पाठीवर ओझं असलेल्या बैलाला रस्ता लागत नाही, वाट लागते. तो दगडगोट्यांतून चढतो, अरुंद खिंडीतून जातो, ओढ्यात उतरतो. म्हणून जुन्या घाटवाटा उभ्या आणि जवळच्या. आजही डोंगरात अशा पायवाटा दिसतात, गुराख्यांच्या उपयोगाच्या. त्यांच्यावर सायकल घालून बघा, म्हणजे सायकल तुम्ही खांद्यावर घ्याल.

१८०३ साली या कडेने फौजाही फिरल्या. २३ सप्टेंबरला आसईची लढाई झाली. आसई म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यात, जाफ्राबाद तालुक्यात, चिखलीपासून फार लांब नाही. दोन महिने वेलस्लीची फौज घाटावर फिरली आणि नोव्हेंबरच्या शेवटी घाट उतरून वऱ्हाडच्या मैदानात आली. २९ नोव्हेंबरला आडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगड पडला. या माणसाचा सगळा जीव त्याच्या बैलांवर असायचा, कारण तोफा बैल ओढायचे. तोफ पाठीवर नेता येत नाही, तिला चाक लागतं. आणि चाकाला उतार बेताचा लागतो. पण फौज एकदा उतरली की गेली. तिच्यासाठी कोणी कायमचा रस्ता बांधत नाही.

रस्ता बांधला तो कापसासाठी. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवलं. पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी खास कॉटन कमिशनर नेमला गेला, रिव्हेट-कार्नाक नावाचा. १८६७ ला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली. तिच्या वाटेत घाटाखालची आपली गावं आली: मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. त्याच साली जिल्ह्याचं मुख्य ठाणं मेहकरहून बुलढाण्याला आलं. आणि १८७० ला जलंबहून खामगावला छोटा फाटा काढला. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाईसरॉय लॉर्ड मेयो आला होता. एका बाजारगावासाठी व्हाईसरॉय! यावरून खामगावचा कापसाचा बाजार काय असेल ते समजा.

आता घाटावरच्या शेतकऱ्याचं बघा. चिखलीचा, मेहकरचा कापूस खामगावला पोचवायचा, तर मध्ये डोंगराची कड. स्टेशनवर गठाणी जाणार, म्हणजे माल बैलाच्या पाठीवरून बंडीवर आला. आणि भरलेल्या बंडीचं गणित वेगळं असतं. चढावर बैल किती ओढतील याला मर्यादा आहे. उतारावर तर जास्त धोका: मागचं वजन बैलांच्या मानेवर येतं. म्हणून बंडीचा रस्ता डोंगराच्या अंगाने वळसे घेत जातो. वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट चढ, डोंगरातल्या रस्त्याचं हे प्रमाण इंजिनियर लोक आजही धरतात.

आणि मंडळी, योगायोग बघा. वीसाला एक हा चढ सायकलवाल्यालाही झेपतो. दम लागतो, पण झेपतो. आज आपण ज्याला "मस्त घाट आहे, वळणं छान आहेत" म्हणतो, ती वळणं आपल्यासाठी काढलेली नाहीत. बैलाच्या मानेचा विचार करून काढलेली आहेत. नंतर डांबर पडलं, रुंदी वाढली, पण डोंगर चढायची रीत बंडीचीच राहिली. यात दुष्काळाचाही वाटा आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात सरकारी कामं निघाली, आणि त्यातलं मोठं काम रस्त्यासाठी खडी फोडण्याचं होतं. पोटासाठी खडी फोडणाऱ्या त्या माणसांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत.

इथे एक प्रश्न येतो. रेल्वे घाटावर का नाही आली? उत्तरेला जीआयपी. दक्षिणेला १९०० च्या सुमारास निजामाची मनमाड-सिकंदराबाद लाइन, जालन्यावरून. चिखली बरोबर दोन्हींच्या मधोमध, आणि दोन्हींपासून लांब. खामगाव-जालना मार्गाची मागणी ब्रिटिश काळापासूनची आहे, आणि ती अजूनही मागणीच आहे. आजोबांनी ऐकलं, वडिलांनी ऐकलं, आपणही ऐकतोय. त्यामुळे घाटावरच्या माणसाचं सगळं जगणं रस्त्यावर अवलंबून राहिलं. आधी बंडी, मग एसटी, आणि मधल्या सगळ्या कामांना सायकल. मास्तरांची सायकल, पोस्टमनची सायकल, दोन्हीकडे कॅन अडकवलेली दूधवाल्याची सायकल, तासाच्या भाड्याची सायकल. तेव्हा अनेक नगरपालिका सायकलवर कर घ्यायच्या आणि पत्र्याचा बिल्ला द्यायच्या, हे नव्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. यातल्या कोणाला "सायकलिस्ट" म्हटलं असतं तर हसले असते.

रेल्वे न आल्याचा तोटा उघड आहे. पण एक गोष्ट टिकली, ती म्हणजे बोथ्याचं जंगल. १९९७ ला ते ज्ञानगंगा अभयारण्य झालं, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं. आणि २०१९ च्या डिसेंबरात तिथे एक पाहुणा आला. यवतमाळच्या टिपेश्वरचा तरुण वाघ, गळ्यात पट्टा, जूनमध्ये घरून निघालेला. तेलंगणा, नांदेड, हिंगोली, वाशिम करत तो ज्ञानगंगेत पोचला, तेव्हा तेराशे किलोमीटर चालून झाला होता. पुढे एकूण चाल तीन हजारांवर गेली. लोकांनी त्याला "वॉकर" नाव दिलं. शेतं, नाले, रस्ते ओलांडत, बहुतेक रात्रीचा चालत तो आला. आपल्याकडचा सगळ्यात मोठा टूरिंग करणारा तोच म्हणायचा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मी बोथ्याचा घाट चढताना घ्या म्हटलं, उतरताना नाही. त्याला कारण आहे. या जंगलात वाघ येईल-जाईल, अस्वल मात्र कायमचं आहे. आपल्या जिल्ह्यात अस्वलाने माणसावर हल्ला केल्याच्या बातम्या नव्या नाहीत. अस्वलाची नजर आणि कान फार तेज नसतात, माणूस एकदम समोर आला की ते घाबरून अंगावर येतं. उतारावर सायकल आवाज न करता येते, आणि वळणावर जोरात येते. म्हणजे अस्वलाला दचकवायचा यापेक्षा चांगला उपाय नाही. चढताना तुम्ही हळू असता, धापा टाकत असता, गप्पा मारत असता. त्याला कळतं आणि ते बाजूला होतं.

दुसरं, वेळ. सायकलवाल्यांना पहाटे पाचला निघायची भारी हौस. इतर कुठे चालेल. इथे पहाट आणि संध्याकाळ ही अस्वलाची वेळ आहे. खामगावहून सकाळी नाश्ता करून निघा, उन्हं चांगली वर आली की मगच जंगलात शिरा, आणि दुपारच्या जेवणाला बुलढाण्यात पोचा. यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे दिवस बरे. उन्हाळ्यात पाण्यासाठी जनावरं हिंडतात आणि आपलाही जीव जातो. जंगलातून जाताना रस्ता सोडायचा नाही, खायचं काही टाकायचं नाही, आणि स्पीकरवर गाणी तर अजिबात नाही. आवाज हवा तर घंटी आहे.

बुलढाण्याहून पुढे मलकापूर-जालना महामार्ग लागतो, ट्रक असतात, तेव्हा कडेने चला. येळगावला धरणाच्या पाण्याजवळ थोडं थांबा, ती पैनगंगा आहे, तुम्ही पाणी बदलून आलात. आता चिखली टप्प्यात आहे.

पुढच्या भागात मेहकर-लोणारची वाट. शेगावची पालखी पंढरपूरहून परतताना सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, जानेफळ करत खामगावला उतरते, त्या वाटेबद्दल बोलू. तोपर्यंत ज्यांची सायकल माळ्यावर आहे त्यांनी ती खाली काढा, आणि ब्रेकची रबरं आधी बदला. वाळून दगड झालेली असतात ती. भेटू मग.