वॉरंटीचं वतन

मोटरसायकलचं सर्व्हिसिंग ढिसाळ झालं की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "शोरूमवाले असेच असतात." दुसरं, "पूर्वी असं नव्हतं, पूर्वीचा मिस्त्री जीव लावून काम करायचा." भोरच्या एसटी स्टँडजवळ चहा पिताना ही दोन्ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकली आहेत की आता बोलणाऱ्याच्या आधी मीच ती पुरी करतो. पहिल्या वाक्यात राग आहे. दुसऱ्यात इतिहास आहे, पण तो इतिहास खरा नाही.

मी राहतो भोरला आणि कामाला जातो वेल्हे तालुक्यात. सरकारने या तालुक्याला आता राजगड हे नाव दिलं आहे, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हंच आहे. कापूरहोळ, चेलाडी फाटा, नसरापूर, मार्गासनी, विंझर असा माझा रोजचा रस्ता. कधी पाबे घाटातून पानशेतकडेही उतरावं लागतं. इथल्या पावसात आणि उतारात ब्रेक, चेन आणि इंजिन ऑइल या चैनीच्या वस्तू नाहीत. म्हणूनच दुरुस्तीचं काम वाईट कधी होतं आणि का होतं, हा प्रश्न माझ्यासाठी नुसत्या कुतूहलाचा नाही.

खळ्यावरचा हिशेब

सर्व्हिसिंगचा करार ही काही मोटारींबरोबर आलेली गोष्ट नाही. मावळातल्या शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ बोथट झाला की तो लोहाराकडे जायचा. नांगर मोडला की सुताराकडे. प्रत्येक कामाचे वेगळे पैसे द्यायची पद्धत नव्हती. सुगी झाली की बलुतेदार खळ्यावर यायचे आणि धान्यातला आपला ठरलेला वाटा न्यायचे. वर्षभराची देखभाल, पैसे एकदम. आजच्या भाषेत याला वार्षिक मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट म्हणता येईल.

या व्यवस्थेत एक चांगली गोष्ट होती. भाता तुमच्यासमोर चालायचा. लोखंड किती तापलं, फाळाला धार नीट बसली का, हे शेतकरी उकिडवा बसून बघायचा. काम बिघडलं तर दुसऱ्या दिवशी शेतातच कळायचं आणि सुगीला खळ्यावर त्याचा उद्धार व्हायचा.

पण म्हणून काम नेहमी चोख व्हायचं असं नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झालं. सरकारी नोकरीत राहून खेडी जवळून पाहिलेला हा माणूस. त्यांनी बलुतेदारीच्या आरत्या ओवाळलेल्या नाहीत. काम पिढीजात ठरलेलं, वाटाही पिढीजात ठरलेला, मग काम चांगलं करण्याची निकड राहत नाही, हे त्यांनी स्पष्ट दाखवलं. गावातल्या लोहाराचं वतन त्याच्याच घरात. शेतकऱ्याला दुसरा लोहार निवडता येत नव्हता. आणि हे बंधन दोन्ही बाजूंनी होतं. लोहारालाही गाव सोडून, जात सोडून दुसरं काही करण्याची सोय नव्हती. उतरंडीच्या तळाशी असलेल्या महारांवर तर वतनाच्या नावाखाली राबण्याची सक्तीच होती. ती कनिष्ठ वतनं कायद्याने मोडायला १९५८ साल उजाडावं लागलं.

तेव्हा 'पूर्वीचा मिस्त्री' आठवून गळा काढण्यात फारसा अर्थ नाही. त्या काळातून घेण्यासारखं दोनच गोष्टी आहेत. एक, काम डोळ्यांसमोर व्हायचं. दोन, गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाता आलं नाही की काम ढिलं पडतं.

नंबर लागेपर्यंत

हाच दुसरा धडा स्वतंत्र भारताने दुचाकींवर पुन्हा गिरवला.

आकुर्डीचा बजाजचा कारखाना, पुण्याच्या फिरोदियांची १९७२ साली आलेली लुना, त्याच वर्षीची बजाज चेतक. भोरपासून दीड-दोन तासांवर देशातल्या दुचाकी तयार होत होत्या, आणि भोरच्या माणसाला त्या मिळत नव्हत्या. कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवाना ठरवायचा. मागणी मोठी, परवाना लहान. त्यामुळे स्कूटरचं बुकिंग करायचं आणि वर्षानुवर्षं थांबायचं. काही वेळा ही वाट दहा वर्षांच्या घरात जायची. बुकिंग केलं तेव्हा बिनलग्नाचा असलेला माणूस गाडी मिळाल्यावर पोराला पुढे उभं करून फिरवायचा. हाती आलेली स्कूटर लगेच विकली तरी वर 'ऑन'चे पैसे मिळायचे.

अशा बाजारात विक्रेता गिऱ्हाइकाची मर्जी कशाला राखेल? गाडी मिळाली हेच उपकार. बोल्ट ढिला आहे, रंग नीट बसला नाही, असं कोण बोलणार? चेतक चालू होत नसेल तर ती एका बाजूला कलती करायची, प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, आणि मग किक मारायची. हे ज्ञान घराघरांत होतं. आपण त्याला आता कौतुकाने 'जुगाड' म्हणतो. प्रत्यक्षात विक्रेत्याने न केलेली सेवा गिऱ्हाईक स्वतः करत होतं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने दुचाकींसाठी परदेशी सहकार्याचा दरवाजा उघडला. इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आरएक्स १००, कावासाकी बजाज या गाड्या १९८४ ते १९८६ या दोन-तीन वर्षांत पाठोपाठ रस्त्यावर आल्या. फोर-स्ट्रोक हिरो होंडाची जाहिरातच अशी की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. स्पर्धा आली, गाड्या सुधारल्या, वेटिंग लिस्ट संपली.

पण 'विसरून जा' या सल्ल्यात एक गोष्ट हातातून गेली. गाडीत काय चाललंय हे मालकाला कळेनासं झालं. काम फ्री सर्व्हिसच्या कुपनावर, डीलरच्या वर्कशॉपमध्ये, काचेपलीकडे होऊ लागलं. काचेवर पाटी: ग्राहकांना आत प्रवेश नाही.

आता आपली आजची स्थिती बघा. शोरूम निवडायला दहा आहेत. पण गाडी घेतली की वॉरंटी असेपर्यंत बाहेरच्या मिस्त्रीला हात लावू द्यायचा नाही आणि काम होताना बघायचंही नाही. बलुतेदारीतलं बंधन शिल्लक आहे, तिच्यातला उघडा भाता मात्र गेला. वॉरंटी हे मुदतीचं वतन आहे.

टेप गुंडाळलेला बोल्ट

गेल्या पावसाळ्यात माझ्या गाडीची तिसरी फ्री सर्व्हिस झाली. सकाळी गाडी दिली, संध्याकाळी धुऊनपुसून परत मिळाली. दोन दिवसांनी अंगणात गाडीखाली रुपयाएवढा ऑइलचा डाग दिसला. तिसऱ्या दिवशी तो हातभर पसरला होता. चेन इतकी ताणलेली की बोटाने दाबली तर हलेना. बिलात मात्र 'चेन अ‍ॅडजस्टमेंट'चे वेगळे पैसे.

भोरमधले एक जुने मिस्त्री आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी खाली वाकून बॅटरी मारली. "भाऊ, ड्रेन बोल्ट वाकडा घुसवलाय. आटे गेलेत. वरून पांढरी टेप गुंडाळलीय, ती बघा." मी म्हटलं, मामा, करून टाका. तर ते पाना खाली ठेवून म्हणाले, "मी हात लावला तर ते सगळं माझ्यावर आणि तुमच्यावर ढकलतील. आधी त्यांनाच दाखवा."

तसंच झालं. वर्कशॉपमधल्या अ‍ॅडव्हायजरचं पहिलंच वाक्य होतं, "बाहेर कुठे उघडली का गाडी?" सर्व्हिसला देताना भरलेल्या जॉबकार्डाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. त्यावर त्याच्याच अक्षरात किलोमीटरचा आकडा होता आणि 'ऑइल लीकेज' समोर 'नाही' अशी खूण. गाडी तेव्हापासून शंभर किलोमीटरही चालली नव्हती. डागाचे आणि टेपचे तारखेसह फोटोही होते. तरी मॅनेजरने आधी फुकट वॉशिंग देऊ केलं. मी कंपनीला ईमेल केला, त्यात जॉबकार्डाचा नंबर टाकला आणि ईमेलची प्रत मॅनेजरला पाठवली. आठव्या दिवशी आटे नव्याने पाडले, नवा बोल्ट बसवला, नवं ऑइल भरलं, चेन सैल करून दिली. पैसे घेतले नाहीत. 'मागील सर्व्हिसमधील कामामुळे आटे खराब' एवढी ओळ नव्या जॉबकार्डावर लिहून घ्यायला मात्र दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ गेला.

पाबे घाटाच्या उतारावर तेच ऑइल मागच्या टायरवर आलं असतं, तर लिहायला मी उरलो असतो की नाही सांगता येत नाही.

सचिवांचं गाव

या प्रकरणानंतर मला आमच्या गावाची एक जुनी गोष्ट वेगळी दिसू लागली. भोर ही पंतसचिवांची राजधानी. राजारामांच्या काळात सचिव झालेल्या शंकराजी नारायणांचं हे घराणं, आणि त्यांचं संस्थान १९४८ साली भारतात विलीन होईपर्यंत टिकलं. सचिव म्हणजे अष्टप्रधानांतला सुरनीस. त्याचं काम काय? राजपत्रं वाचायची, मजकुरात कमी-जास्त असेल ते दुरुस्त करायचं, महाल-परगण्यांचे हिशेब तपासायचे. थोडक्यात, स्वराज्याचा कागद तपासणारा अधिकारी.

कागदाची ही कदर खालपर्यंत होती. याच रोहिडखोऱ्यात जेधे आणि खोपडे यांचा देशमुखीच्या वतनावरून झालेला वाद इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. असे वाद गोतसभेसमोर जायचे, साक्षीपुरावे व्हायचे आणि निवाड्याचा महजर लिहिला जायचा. कोण हजर होतं, कोण काय बोललं, निकाल काय. ज्याच्याकडे कागद, त्याच्याकडे वतन.

काम डोळ्यांनी बघता येत नसेल तर कागदच डोळ्याची जागा घेतो. माझं जॉबकार्ड हा माझा महजर होता.

'त्रुटी' हा शब्द कुठून आला

मी ईमेलमध्ये 'सेवेतील त्रुटी' असा शब्द वापरला होता. तो शब्द मला फुकट मिळाला, पण त्यामागे पुण्याच्याच लोकांची मेहनत आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. टंचाईचा, साठेबाजीचा, वेटिंग लिस्टचा तो काळ. ग्राहक हा हात पसरणारा याचक नाही, अर्थव्यवस्थेचा मालक आहे, ही भूमिका घेऊन या चळवळीने स्वतंत्र कायद्याची मागणी लावून धरली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याआधी बिघडलेल्या सर्व्हिसिंगसाठी दिवाणी कोर्टात जावं लागायचं. दोनशे रुपयांच्या कामासाठी तिथे कोण जाणार?

२०१९ च्या नव्या कायद्याने आणखी काही गोष्टी सोप्या केल्या. तक्रार आता ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही. तक्रारीसाठी मुदत दोन वर्षांची. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. माहिती मुद्दाम दडवणं हीसुद्धा त्रुटीच, म्हणजे बोल्टवर गुपचूप टेप गुंडाळणंही त्यात येतं. आणि सदोष दुरुस्तीमुळे इजा झाली तर सेवा देणाऱ्यावर वेगळी जबाबदारी टाकणारं कलमही त्यात आहे.

तरी कायद्याकडून काय मिळत नाही तेही माहीत हवं. २००६ साली मारुती उद्योगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वॉरंटीचा अर्थ सदोष भाग बदलून देणं, अख्खी गाडी बदलून देणं नव्हे. २०२१ सालचा दुसरा निकाल गोव्यातल्या ग्राहकाचा. डीलरने त्याला नवी म्हणून २००९ सालच्या बनावटीची गाडी दिली होती. न्यायालयाने उत्पादक टाटा मोटर्सला जबाबदारीतून मोकळं केलं. डीलर आणि कंपनी यांच्यातलं नातं दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचं आहे, आणि डीलरने काय केलं हे कंपनीला माहीत होतं असं सिद्ध झालं नाही, हे कारण. म्हणून डीलरशी नुसतं भांडून थांबू नये. कंपनीला लेखी कळवावं, म्हणजे 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायला जागा राहत नाही.

मुळाशी असलेल्या बंधनाबद्दलही आता बोललं जातंय. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ साली बाहेरच्या गॅरेजना दुरुस्तीची माहिती देणं कार कंपन्यांना भाग पाडलं. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ साली 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. तिच्या यादीत शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं आहेत. नांगराच्या फाळाची जागा घेणारी अवजारं आणि मोटरसायकल एकाच यादीत आली, हे मला योग्यच वाटतं. शेतकऱ्यालाही मिस्त्री निवडता यायला हवा आणि मामांनाही पाना खाली ठेवायची वेळ येऊ नये.

ते होईपर्यंत गाडी देताना जॉबकार्ड पूर्ण भरून घ्या. तक्रारी आपल्या शब्दांत लिहायला लावा. सहीआधी फोटो काढा, बदललेले जुने पार्ट मागून घ्या, आणि गेटबाहेर पडण्याआधी गाडीखाली एकदा वाका.

माझी वॉरंटी अजून वर्षभर आहे. ती संपली की गाडी मामांकडेच जाईल. तिथे तेलाच्या डब्यावर बसून काम बघता येतं. मामा बिल मात्र देत नाहीत, सगळा हिशेब तोंडी. त्यांना मी पावतीपुस्तक आणून दिलंय. ते अजून कोरं आहे, पण आता त्याबद्दल त्यांच्याशी वाद घालायला मला एक वर्ष आहे.