लखनौ : शहरी कचरा आणि आरोग्यरचना

उत्तर प्रदेशाची राजधानी असलेल्या लखनौ शहरात कचरा, सांडपाणी आणि सार्वजनिक आरोग्य यांसाठी १८५८ पासून आजवर झालेली नियोजनाची आणि रचनेची कामे. गोमतीच्या दोन्ही काठांवर वसलेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २८ लाखांवर होती. महानगरपालिकेचे ११० प्रभाग आहेत आणि रोज सुमारे दोन हजार टन घनकचरा निघतो. वस्त्या पाडून शहर मोकळे करणे, जुन्या गल्ल्या राखून त्यांची डागडुजी करणे, कचऱ्यापासून वीज काढणे, नदीचे काठ बांधून काढणे, वर्षानुवर्षे साचलेले ढीग उपसणे अशा बहुतेक सगळ्या वाटा लखनौने चोखाळल्या. भारतीय शहरांच्या आरोग्यरचनेचा अभ्यास करणाऱ्याला म्हणूनच हे शहर टाळता येत नाही. कचऱ्याच्या शेवटच्या मुक्कामापासून आखलेली योजना अडखळते आणि घराच्या उंबरठ्यापासून आखलेली योजना तग धरते, हा या इतिहासाचा मुख्य धडा आहे.

१८५७ नंतरची पाडापाडी

१८५७ च्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये, ब्रिटिश फौजांनी लखनौ पुन्हा ताब्यात घेतले आणि शहराच्या फेररचनेचा आराखडा लष्करी अभियंता रॉबर्ट नेपियर याने केला. दाट मोहल्ल्यांतून रुंद, सरळ रस्ते काढले गेले. जुन्या शहराचा सुमारे दोन-पंचमांश भाग त्यात जमीनदोस्त झाला. मूळ उद्देश फौजेला वेगाने फिरता यावे आणि बंडाला आसरा मिळू नये हा होता. स्वच्छतेचे कारण त्याला पुढे जोडले गेले. भारतातील फौजेच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये आला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा त्यात मोठा वाटा होता. लढाईपेक्षा रोगराईनेच अधिक सैनिक मरतात हे त्याने दाखवून दिले आणि छावण्यांच्या सफाईला वेग आला. छावणी आणि गोऱ्यांची वस्ती यांना मोकळी हवा व निचरा मिळाला. जुन्या शहरातील चौक भागाच्या रहिवाशांच्या वाट्याला प्रामुख्याने नियम, दंड आणि कर आले. इतिहासकार वीणा तलवार ओल्डनबर्ग यांनी वसाहतकालीन लखनौवरील आपल्या ग्रंथात ही प्रक्रिया तपशिलाने मांडली आहे. शहराचे आरोग्य म्हणजे राज्यकर्त्यांची सुरक्षितता, ही समजूत या काळात नगरप्रशासनात रुजली.

पॅट्रिक गेडिस यांचे अहवाल

या समजुतीला पहिला ठाम विरोध स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकार पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) यांनी केला. एडिंबरोच्या जुन्या शहरातील पडक्या चाळीत पत्नी अ‍ॅना यांच्यासह स्वतः राहायला जाऊन त्यांनी तेथील घरे आणि अंगणे सुधारली होती. १९१४ मध्ये ते भारतात आले. नगररचनेवरील त्यांच्या प्रदर्शनाचे साहित्य घेऊन येणारे जहाज जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवले, तेव्हा त्यांनी नव्याने साहित्य जमवून १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरवले. पुढील काही वर्षांत त्यांनी अनेक भारतीय शहरांचे अहवाल लिहिले. लखनौच्या नगरपालिकेसाठी लिहिलेला अहवाल १९१६ चा आहे.

गेडिस यांची पद्धत वैद्याची होती. आधी निदान, मग उपचार. ते शहर पायी फिरत. कोणती विहीर चालू आहे, कोणते तळे बुजत चालले आहे, पडक्या घराची कोणती जागा मोकळी करता येईल, कोणत्या झाडाला पार बांधता येईल याची नोंद घेत. सरसकट पाडापाडीला त्यांनी 'जपून केलेल्या शस्त्रक्रियेचा' पर्याय दिला : मोडकळीस आलेली मोजकी घरे काढावीत, त्या जागी छोटी अंगणे आणि बागा कराव्यात आणि बाकीची वस्ती शाबूत ठेवावी. गरिबांची घरे पाडली की ते शहर सोडून जात नाहीत. शेजारच्या गल्लीत आणखी दाटीवाटीने राहतात आणि रोग तिथे वाढतो, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. आराखड्यावर पट्टी ठेवून आखलेल्या रस्त्यापेक्षा ही पद्धत कितीतरी स्वस्त पडते, हे त्यांनी मराठ्यांची राजधानी राहिलेल्या तंजावरच्या अभ्यासातही दाखवले होते.

सांडपाणी आणि मैला हे गेडिस यांच्या लेखी टाकाऊ पदार्थ नव्हते. ते जमिनीला परत द्यायचे सत्त्व होते. सोनखत वापरणाऱ्या महाराष्ट्रातील ऊस उत्पादकांना ही कल्पना परकी नव्हती. गटारांच्या लांबलचक जाळ्यावर नगरपालिकेचा सगळा पैसा घालवण्याऐवजी मैला बागांना आणि शेतीला द्यावा, असे त्यांनी वारंवार सुचवले. भारतातील या कामाच्या काळातच, १९१७ मध्ये, अ‍ॅना गेडिस यांचे विषमज्वराने निधन झाले. १९१९ मध्ये गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. १९२४ मध्ये तो विभाग गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आला.

इंदूरची दिवाळी आणि कंपोस्ट खत

गेडिस यांच्या विचाराचा प्रत्यक्ष प्रयोग होळकरांच्या इंदूरमध्ये झाला. प्लेगने त्रासलेल्या त्या शहरात १९१७ च्या दिवाळीत त्यांनी मोठी मिरवणूक काढली. ज्या रस्त्यांवरील लोकांनी घरे दुरुस्त करून स्वच्छता राखली, त्या रस्त्यांवरून ती जाणार असे आधीच जाहीर केले होते. घाणीचा राक्षस आणि प्लेगचा अजस्र उंदीर मिरवून शेवटी जाळण्यात आले. शुभ्र कपडे आणि फुलांच्या माळा घातलेले सफाई कामगार मिरवणुकीत मानाने चालले. लोकांना तुळशीची रोपे वाटली गेली. दरबाराला सादर केलेला त्यांचा इंदूर अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. आरोग्याचा कार्यक्रम लोकांच्या सणात गुंफता येतो आणि सफाई कामगाराच्या सन्मानावाचून तो पुरा होत नाही, हे या प्रयोगाने दाखवले.

त्याच इंदूरमध्ये अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा व शेण यांपासून कंपोस्ट करण्याची 'इंदूर पद्धत' सिद्ध केली आणि १९३१ मध्ये ती ग्रंथरूपाने मांडली. भारतीय नगरपालिकांच्या खतनिर्मितीवर या पद्धतीचा दीर्घ प्रभाव राहिला.

जैवमिथेनीकरण प्रकल्प (२००३)

शहरी घनकचऱ्याचे २००० चे नियम लागू झाल्यावर मोठ्या शहरांना प्रक्रियाकेंद्रे उभारणे बंधनकारक झाले. लखनौमध्ये २००३ च्या अखेरीस ५ मेगावॉट क्षमतेचा जैवमिथेनीकरण प्रकल्प सुरू झाला. त्याच्या पाचक टाक्यांचे तंत्र ऑस्ट्रियातून आणले होते. ओला कचरा हवाबंद टाकीत कुजवायचा, जिवाणूंनी तयार केलेल्या मिथेनवर वीज काढायची आणि उरलेल्या रबडीचे खत करायचे, अशी योजना होती. भारतीय शहरांच्या कचऱ्यात ओलावा आणि कुजणारा भाग भरपूर असतो. त्यामुळे जाळण्यापेक्षा हे तंत्र शास्त्रदृष्ट्या अधिक योग्य होते.

तरीही प्रकल्प अल्पावधीतच बंद पडला. दारोदार वर्गीकरणाची व्यवस्था नसल्यामुळे गाड्यांतून येणाऱ्या कचऱ्यात माती, रेव, राडारोडा आणि प्लास्टिक यांची भेसळ असे. जिवाणूंना त्यातून अन्न मिळत नव्हते आणि यंत्रांना नुसता भार होत होता. देशभर अशा प्रकल्पांच्या सरकारी अनुदानावर प्रश्न उभे राहिले. पर्यावरण कार्यकर्त्या अलमित्रा पटेल यांच्या जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने मे २००५ मध्ये नव्या अनुदानांना स्थगिती देऊन तज्ज्ञ समितीकडून तपासणी करवली. वर्गीकरण न केलेला कचरा हे अशा प्रकल्पांच्या अपयशाचे मूळ आहे, ही गोष्ट तेव्हापासून धोरणचर्चेत मध्यवर्ती ठरली. २०१६ च्या नियमांनी घरच्या घरी ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा ठेवणे सक्तीचे केले.

याच काळात लखनौमध्ये छोट्या प्रमाणावर वेगळी कामे चालू होती. मुस्कान ज्योती समितीने घरोघरी कचरा गोळा करून त्याचे खत करण्याचे काम कचरावेचकांना सोबत घेऊन उभे केले. केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे 'सीमॅप'ने, देवळांतील निर्माल्यापासून उदबत्त्या करण्याचे तंत्र स्त्रियांना शिकवले. नदीत जाणारी फुले त्यामुळे रोजगाराचे साधन झाली.

महाराष्ट्रातील समांतर प्रयोग

लखनौच्या प्रकल्पात जी कडी तुटली होती, तीच महाराष्ट्रातील दोन प्रयोगांनी जोडली. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या 'निसर्गऋण' संयंत्रात वेगळा केलेला ओला कचराच घेतला जातो. तो बारीक दळून आधी हवेच्या सान्निध्यात आणि मग हवाबंद टाकीत कुजवला जातो. माथेरानसारख्या ठिकाणी असे संयंत्र उभे राहिले. पुण्यात बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यातून निघालेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ मध्ये पुणे महानगरपालिकेशी करार करून दारोदार कचरा घेण्याचे काम सुरू केले. वेचक स्त्रिया घराच्या दारात ओला-सुका वेगळा घेतात. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, यासाठी त्यांनी मोहीम चालवली. रक्ताने माखलेला उघडा कचरा हाताळण्याचा धोका एका साध्या खुणेने कमी करणारी ही रचना, कचरा हाताळणाऱ्या स्त्रियांच्याच अनुभवातून आलेली आहे.

गोमती आणि सांडपाणी

पिलीभीत जिल्ह्यात उगम पावणारी गोमती लखनौला पिण्याचे पाणी देते आणि त्याच शहराचे सांडपाणीही वाहून नेते. वरच्या अंगाला गऊघाटावर पाणी उचलले जाते. पुढे दोन्ही काठांवरचे नाले नदीला मिळतात. त्यांतील हैदर नाला मुळात नवाब गाजीउद्दीन हैदर यांच्या काळात गंगेचे पाणी गोमतीत आणण्यासाठी खोदायला घेतलेला कालवा होता. तो अपुरा राहिला आणि पुढे सांडपाण्याची वाट झाला. १९९३ मध्ये गोमती कृती योजना सुरू झाली. तिच्या पुढच्या टप्प्यात भरवारा येथे रोज ३४.५ कोटी लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. मोहल्ल्यातील गटार मुख्य वाहिनीला जोडलेले नसेल, तर इतक्या मोठ्या केंद्राचाही नदीला पूर्ण उपयोग होत नाही.

२०१५ पासून शहरात नदीच्या दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती बांधून फिरण्याच्या वाटा व बागा करण्यात आल्या. नागरिकांना मोकळी जागा मिळाली. पूरमैदान आणि नदी यांचे नाते मात्र तुटले, अशी टीका पर्यावरण अभ्यासकांनी केली. गोमतीची उपनदी कुकरैल हिच्या पुनरुज्जीवनासाठी जून २०२४ मध्ये अकबरनगर ही मोठी वस्ती हटवण्यात आली आणि रहिवाशांना शहराच्या दुसऱ्या टोकाला वसंतकुंज भागात घरे देण्यात आली. नदी मोकळी करण्याची गरज खरी आहे. विस्थापितांच्या रोजगाराचे, शाळेचे आणि दवाखान्याचे अंतर मात्र गेडिस यांनी उपस्थित केलेला प्रश्न नव्याने समोर आणते.

शिवरी, घैला आणि टाकाऊतून रचना

शहराचा कचरा मोहान मार्गावरील शिवरी येथे जातो. तेथे साचलेला जुना कचरा सुमारे साडेअठरा लाख टन होता. तो खणून, चाळून माती, जळाऊ भाग आणि राडारोडा वेगळा करण्याचे काम अलीकडे मोठ्या प्रमाणावर झाले. घैला येथील जुनी कचराभूमीही मोकळी करण्यात आली. त्या परिसरात उभारलेल्या राष्ट्र प्रेरणा स्थळ या स्मारकाचे उद्घाटन २५ डिसेंबर २०२५ रोजी झाले. भंगारातून राज्यातील वास्तूंच्या प्रतिकृती घडवून केलेले यूपी दर्शन पार्क हेही टाकाऊतून रचना करण्याच्या धोरणाचे उदाहरण आहे. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या स्वच्छ सर्वेक्षणात १० लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत लखनौ तिसरे आले. अहमदाबाद व भोपाळ त्याच्या पुढे होते.

हवेचे आरोग्यही याच प्रश्नाशी जोडलेले आहे. उघड्यावर पेटवलेला कचरा आणि रस्त्यावरची धूळ श्वासावाटे शरीरात जाते. १९६५ मध्ये स्थापन झालेली लखनौतील भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर शहराच्या हवेचा अहवाल प्रसिद्ध करते. नगररचनेला लागणारी निदानाची सामग्री या मार्गाने शहराला उपलब्ध झाली आहे.

मूल्यमापन

उपसलेला ढीग, बांधलेला काठ आणि भंगाराचे शिल्प ही डोळ्यांना दिसणारी कामे आहेत आणि त्यांचे श्रेय लखनौला द्यायलाच हवे. मात्र आरोग्यरचनेची खरी परीक्षा पुढील प्रश्नांवर होते : किती घरांतून कचरा वेगळा करूनच बाहेर पडतो, किती गल्ल्यांचे गटार शुद्धीकरण केंद्रापर्यंत पोहोचते, योजनेमुळे किती कुटुंबांना घर सोडावे लागते आणि कचरा हाताळणाऱ्याला हातमोजे, नियमित वेतन व विमा मिळतो का. हाताने मैला उचलायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. त्याची अंमलबजावणी हा प्रत्येक शहराच्या आराखड्याचा भाग असला पाहिजे. २००३ च्या प्रकल्पात तंत्र योग्य असूनही वर्गीकरणाअभावी पैसा वाया गेला, तर पुण्यात साध्या साधनांवर चाललेली व्यवस्था वेचकांच्या संघटनेच्या बळावर टिकली. रोजच्या दोन हजार टनांना तोंड देणाऱ्या लखनौने पुढचा रुपया खर्च करताना प्रभागातील वर्गीकरण, गटारजोडण्या आणि सफाई कामगारांची सुरक्षितता यांना अग्रक्रम दिला, तर आज स्वच्छ झालेल्या जागा स्वच्छच राहतील आणि त्यांचा लाभ सर्वांत गरीब मोहल्ल्यापर्यंत पोहोचेल.