पाणी नेमकं कुठं मुरतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

परभणी जिल्ह्यातल्या जुन्या घरांना माळवद असे. लाकडी तुळया, त्यावर आडवी लाकडं आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मृग लागण्याआधी माळवदावर नवी माती टाकायची, चोपून घ्यायची. तरी आषाढात एखादा कोपरा गळायचाच. मग घरभर परात, घमेलं, पातेलं मांडलं जाई. भरपाई मागण्याचा विचारही कुणाच्या मनात येत नसे. मागणार कुणाकडे?

घराच्या विम्याचा जन्म मुळी आगीतून झाला. १६६६ साली लंडन जळालं आणि १६८०च्या सुमारास निकोलस बार्बन नावाच्या गृहस्थानं घरांचा आगीचा विमा सुरू केला. आपल्या देशात १८५० साली कलकत्त्याला ट्रायटन कंपनी निघाली, १९१९ साली दोराबजी टाटांनी मुंबईत न्यू इंडिया काढली. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीनं हैदराबादेत हजारो माणसं नेली. राज्यानं त्यावर विश्वेश्वरय्यांना बोलावून धरणाचा उपाय शोधला, उस्मानसागर बांधला. पडलेल्या घरांचं मात्र सरकारी मदतीवर. मदत आणि विमा यांत मोठा फरक आहे. मदत दिली तर मिळते, विमा हा करार असतो. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला, तेव्हाही बहुतेकांचे डोळे पंचनाम्याकडेच लागले होते.

गंमत बघा, ज्या १९७२ साली आपण थेंबाथेंबाला महाग झालो, त्याच साली सर्वसाधारण विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा झाला. १ जानेवारी १९७३पासून १०७ विमा कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. आगीच्या पॉलिसीत वादळ, पूर आणि पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हेही धोके धरले जात. पण ती पॉलिसी घ्यायची ती जिनिंगवाल्यानं, आडत्यानं किंवा बँकेचं कर्ज काढणाऱ्यानं. राहत्या घराचा विमा म्हणजे अपशकुन, असं आमच्या मोहल्ल्यातही म्हणत आणि शेजारच्या वाड्यातही.

माळवदं गेली, स्लॅब आले. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून प्रत्येक स्लॅबवर टाकी आली. पाण्याच्या टंचाईनंच पाणी आपल्या डोक्यावर नेऊन ठेवलं. १ एप्रिल २०२१पासून विमा नियामकानं घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही सगळ्या कंपन्यांना सारखी असलेली पॉलिसी आणली. तिच्यात पुराबरोबर टाक्या, पाइप फुटणं आणि भरून वाहणंही आहे. घरातल्या सामानासाठी इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, आपोआप धरतात. पण वर्षानुवर्षांची ओल, झिरपणारी भिंत, जुन्या नळाची झीज यांना विमा अपघात मानत नाही. 'पाणी मुरतंय' म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे, असं आपण बोलण्यात म्हणतो. विमावालाही तसंच म्हणतो, फक्त शब्दशः!

२०२२च्या उन्हाळ्यात आमची टाकी रात्री फुटली. जिन्यातून धबधबा, खालच्या खोलीत घोटाभर पाणी. दुसऱ्या दिवशी कळवलं, फोटो काढले, फुटकी टाकी तशीच ठेवली. हे बरं केलं. सर्व्हेअरनं पहिला प्रश्न विचारला, "फुटली, की आधीपासून गळत होती?" न्हाणीघराच्या भिंतीचे पोपडे जुने होते, ते त्यानं बोट लावून दाखवलं. भिंतीचे पैसे वजा झाले, कपाट-गाद्यांचे मिळाले. मला ते रास्तच वाटलं.

मग मी कवितांच्या वह्या आणि अब्बांची उर्दू पत्रं पुढे केली. त्यानं पॉलिसीतली ओळ दाखवली. हस्तलिखितं आणि कागदपत्रं वेगळी नोंदवली नसतील तर धरली जात नाहीत, सोन्याच्या लगडीसारखीच. हसू की रडू कळेना. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या कवितांना सोन्याच्या रांगेत बसवलं होतं. वह्या आठ दिवस बाजेवर वाळत घातल्या. पेन्सिलीनं लिहिलेलं वाचता आलं. शाईचं गेलं. अब्बांची पत्रं सगळी शाईचीच होती.