घाणा थांबतो तो वार

पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, अलिबाग, पेण, रोहा या बाजूला तेल गाळणारा एक समाज होता. शेजारचे लोक त्यांना शनवार तेली म्हणत. हे बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. बोली मराठी, आडनावे केहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडलेली. पिढ्यानपिढ्या त्यांच्याजवळ धर्मग्रंथ नव्हता, तो वाचणारा रब्बीही नव्हता, हिब्रू भाषा विस्मरणात गेली होती. सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शेमा ही छोटी प्रार्थना एवढे मात्र उरले, आणि उरला शनिवार. त्या दिवशी त्यांचे घाणे बंद असत. दुसरीकडे महादेवाचा वार म्हणून सोमवारी घाणा न जुंपणारे तेली होते, ते सोमवार तेली. दोघांचा देव कोणता, शास्त्र काय सांगते, याची चौकशी करण्याची गावाला गरज पडली नाही. घाणा कोणत्या वारी थांबतो एवढ्यावरून गावाने त्यांना वेगवेगळी नावे दिली.

ग्रंथ गेला, भाषा गेली, तरी हा वार का टिकला? मला वाटते, तो एकट्याने पाळण्याचा नव्हता म्हणून. प्रार्थना घरच्या घरी पुटपुटता येते आणि तशीच घरच्या घरी विसरताही येते. घाणा मात्र सगळ्या आळीला ऐकू येतो. शनिवारी एखाद्याने बैल जुंपला असता तर त्याच्या लाटेची करकर सगळ्यांना ऐकू गेली असती, आणि सगळ्यांचे घाणे गप्प राहिले की ती शांतताही सगळ्यांचीच असे. शब्बाथाबद्दल, म्हणजे आठवड्यातल्या या विश्रांतीच्या दिवसाबद्दल, आज जे लिहिले-बोलले जाते त्यात भर असतो तो एका माणसाच्या थकव्यावर आणि त्याच्या मनःशांतीवर. इतिहास वेगळे सांगतो. ही विश्रांती समूहाने राखावी लागते, आणि ज्याचा वेळ दुसऱ्याच्या मालकीचा आहे त्याच्या हाती एक दिवस परत येतो, यात तिचे खरे बळ आहे. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा गेल्या दोनशे वर्षांचा अनुभव पाहिला तर हे अधिक स्पष्ट दिसते.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. ते न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल परंपरेतले, प्युरिटन लोकांचे वंशज. रविवारी काम नाही, बाजार नाही, करमणूक नाही, इतका कडक त्यांचा प्रभूचा दिवस. इकडे त्यांना शनिवार पाळणारे मराठी लोक भेटले. मिशनच्या शाळांतून बेने इस्राएलांची मुले शिकू लागली. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. शनवार तेल्यांच्या नातवंडांना विसरलेली भाषा परत मिळण्यात रविवारवाल्यांचा असा मोठा हात आहे. मुंबईत १७९६ मध्ये समाजी हसाजी दिवेकरांनी पहिले सिनेगॉग बांधले होते. तिथे आता ग्रंथ वाचणारे मिळू लागले. ख्रिस्ती मराठीत या देवघेवीची खूण म्हणून एक शब्द राहिला आहे. रविवारी सकाळी मुलांना पवित्र शास्त्र शिकवण्याच्या वर्गाला आपल्याकडचे ख्रिस्ती लोक शब्बाथशाळा म्हणतात. मूळ हिब्रू शब्द शनिवारचा, शाळा भरते रविवारी, आणि कोणाला त्यात विसंगती वाटत नाही. पुण्यातल्या सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेन्टिस्ट लोकांना मात्र वाटते. ते शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतच शब्बाथ मानतात.

वार कोणता हा वाद मोठा आहे, पण माझ्या दृष्टीने दुय्यम. त्याहून महत्त्वाचा प्रश्न, या दिवसाचा हक्क कोणाला? रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ मध्ये रविवारच्या विश्रांतीचा हुकूम काढला तेव्हा न्यायाधीश, शहरातले लोक आणि कारागीर यांना सुट्टी दिली, शेतकऱ्यांना वगळले. पेरणीची वेळ हातची जाऊ नये हे कारण. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकातली आज्ञा नेमकी याच्या उलट आहे: नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही थांबायचे. दहा आज्ञांमधली शब्बाथाची आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते. निर्गमात तिचे कारण आहे सृष्टीची निर्मिती: देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तुम्हीही घ्या. अनुवाद या नावाच्या पुस्तकात कारण बदलते. तुम्ही मिसरात गुलाम होता, म्हणून तुमच्या दासाला आणि दासीलाही तुमच्यासारखा विसावा मिळाला पाहिजे. गुलामाला सुट्टी नसते. जो थांबू शकतो तो गुलाम राहिलेला नाही. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यांत ही दुसरी आज्ञा ज्यांच्या कानी पडली, त्यांना तिचा अर्थ फोडून सांगावा लागला नसेल.

अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ मध्ये सुरू झाले. पुढच्या काही दशकांत आजूबाजूच्या खेड्यांत ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्यांतले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातून आले. महार हा गावचा वतनदार. वेशीवर राखण करणे, चावडीवर हजर राहणे, सरकारी वसुली तालुक्याला पोचवणे, मयताचा सांगावा घेऊन कोसभर पळणे, अंमलदार आला की त्याची बडदास्त राखणे, मेलेले ढोर ओढून नेणे. मोबदल्यात बलुते, भाकरी आणि तुटपुंजे इनाम. या कामाला सुरुवात नव्हती आणि शेवटही नव्हता. येसकरपाळी, म्हणजे या कामाची पाळी, घरांमधून फिरे, पण पाळी असलेल्या माणसाला रात्र-दिवस, ऊन-पाऊस असा भेद नसे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. तेव्हा त्यांचा आक्षेप अपुऱ्या मोबदल्यावर होता तसाच या अमर्याद वेळेवरही होता: चोवीस तास बांधिलकी, आणि वतनदार हजर नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणाला धरून नेण्याची मुभा. अशा माणसाने आठवड्यातला एक दिवस देवाचा म्हणायचा, म्हणजे तो पाटलाचा नाही असे म्हणायचे. कोणी त्याला साधी धर्मविधीची बाब समजेल. मी तिला गावगाड्याच्या वेळेवर पडलेला पहिला तडा समजतो.

त्या दिवशी घडे काय? खेड्यात चर्चची वेगळी इमारत बहुधा नसे. आठवडाभर ज्या खोलीत शाळा भरे तिथेच रविवारी उपासना होई, आणि शिकवणारे मास्तरच वचन सांगत. मुले शब्बाथशाळेत बसत, मोठी माणसेही अक्षरे गिरवत. या शाळांचा उगमही कष्टकऱ्यांशी जोडलेला आहे. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात १७८० मध्ये रॉबर्ट रेक्सने रविवारी शाळा चालवली, ती सहा दिवस राबणाऱ्या मुलांना तोच एक दिवस मोकळा होता म्हणून. नगरच्या मंडळ्यांत भजन आले, कीर्तन आले. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांची अभंगवळणाची गीते मंडळ्यांच्या तोंडी बसली आणि उपासना संगीत या गीतपुस्तकातून आजही गायिली जातात. ज्याला गावात तुच्छतेने हाक मारली जाई तो इथे बंधू म्हणून सतरंजीवर सगळ्यांच्या रांगेत बसे, त्याच्या आजारी लेकराचे नाव प्रार्थनेत घेतले जाई, प्रभुभोजनाची भाकर त्याच ताटातून त्याच्याकडे येई. आत्मिक नवेपण म्हणतात ते मला या गोष्टींत दिसते. घरी झोप काढूनही अंग हलके होते. पण आपण माणूस आहोत ही खात्री झोपेतून मिळत नाही; ती दुसऱ्यांच्या तोंडून मिळावी लागते, आणि दर आठवड्याला पुन्हा मिळावी लागते.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे बाहेरून आलेले. आपल्या शेतकऱ्याला विश्रांती ठाऊक नव्हती का? अमावास्येला औत धरायचे नाही, पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवायचे नाही, काही गावांत सोमवारही नंदीचा म्हणून मोकळा. हे खरे आहे, आणि त्यातली मुक्या जनावराविषयीची कणव शब्बाथाच्या आज्ञेशी थेट जुळते. तिथेही बैल आणि गाढव यांचा उल्लेख आहे. पण गावाच्या सणाला येसकराला सुट्टी नसे. सणावारी त्याची कामे वाढत. बैलाची खांदेमळणी होई त्या गावात बैलामागे राबणाऱ्याची होत नव्हती. शनवार तेली आणि सोमवार तेली शेजारी नांदले ते पाहता वाराची कल्पना या मातीला परकी नव्हती. नवे होते ते इतकेच की गावातल्या शेवटच्या माणसाचाही त्यात वाटा होता.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला, आणि तो नेमका रविवार निघाला, तर? वाफसा सोमवारपर्यंत थांबतोच असे नाही. हातावर पोट असणाऱ्याला एक दिवसाची मजुरी म्हणजे एक दिवसाची चूल. त्यात प्युरिटन वळणाचा धर्म, म्हणजे निषेधांची लांबलचक यादी. जिथे मंडळीने बंधुभगिनींवर पाळत ठेवली, अमक्याने रविवारी बाजार केला, तमक्याने मोट हाकली याचे हिशेब मांडले, तिथे एका पाटलाच्या जागी दुसरा आला, हे मान्य केलेच पाहिजे. येशूचा परुश्यांशी झालेला वाद याच गोष्टीवरून होता: भुकेल्या शिष्यांनी कणसे मोडली, आणि दिवस माणसासाठी की माणूस दिवसासाठी हा प्रश्न उभा राहिला. त्याने दिवस मोडीत काढला नाही, माणसाच्या बाजूला उभा केला. वाफशाच्या रविवारी पेरणारा कोरडवाहू शेतकरी मला शब्बाथ मोडणारा वाटत नाही. मजुरी बुडेल या भीतीचा फायदा घेऊन मजुराला दर रविवारी राबवून घेणारा मात्र वाटतो. स्त्रियांच्या बाबतीत तर आक्षेपाला पुरे उत्तर माझ्याजवळ नाही. आज्ञेतल्या यादीत मुलगा आहे, मुलगी आहे, दास, दासी, उपरा, गुरे आहेत. पत्नीचा वेगळा उल्लेख नाही. ज्यू घरांत शब्बाथाला विस्तव पेटवायचा नसल्याने स्वयंपाक आदल्या दिवशीच उरकतो, आणि चुलीलाच सुट्टी मिळाल्याने चुलीपुढच्या बाईलाही थोडी मिळते. मराठी ख्रिस्ती घरांनी दिवस घेतला, ही तजवीज घेतली नाही. उपासनेहून परतल्यावर रविवारचा रस्सा शिजवणारी बाई अजून त्या दिवसाबाहेरच आहे.

आजचा आक्षेप वेगळा. सगळ्यांनी एकाच दिवशी का थांबायचे? ज्याने त्याने सोयीने विसावा घ्यावा. हा प्रयोग एका मोठ्या देशाने करून पाहिलेला आहे. सोव्हिएत सरकारने १९२९ मध्ये पाच दिवसांचा अखंड आठवडा आणला. कामगारांचे पाच गट केले, प्रत्येकाला रंग दिला, चार दिवस काम आणि पाचवा मोकळा. दररोज कोणाची तरी सुट्टी, यंत्र कधीच बंद नाही. हिशेबाने विश्रांती वाढली होती. पण नवऱ्याचा दिवस एक, बायकोचा दुसरा, मित्रांचा तिसरा. रविवार नाहीसा झाल्याने चर्चमध्ये एकत्र जमणे अवघड व्हावे हाही हेतू त्यात होता. १९३१ मध्ये ती रचना बदलावी लागली आणि १९४० मध्ये रविवारसह सात दिवसांचा आठवडा परत आला. विसावा सगळ्यांचा एकत्र हवा, हे आपल्याकडे या सोव्हिएत प्रयोगाच्या सुमारे चाळीस वर्षे आधी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरण्यांत ओळखले होते. सत्यशोधक लोखंडे ख्रिस्ती नव्हते. १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनी त्यांनी जे मागितले त्यात सर्वांना मिळून रविवार हवा होता. २४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजार कामगार जमले, त्यात स्त्रियांनीही भाषणे केली, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. घाटावरून आलेल्या कामगाराचा रविवार खंडोबाचा, भायखळ्याच्या चर्चमध्ये जाणाऱ्याचा प्रभूचा. भोंगा दोघांसाठीही एकदमच गप्प झाला.

महार वतन १९५८ च्या कायद्याने रद्द झाले, आणि येसकरपाळीचा कायदेशीर आधार संपला. तोवर नगरच्या खेड्यांतल्या मंडळ्यांत रविवारच्या उपासनेला तिसरी-चौथी पिढी बसत होती. त्यांच्या पणजोबांनी पाळीच्या दिवशी कोणाला बदली दिली, पाटलाला काय सांगितले, किती वेळा अर्ध्या उपासनेतून उठून चावडीवर गेले, हे कोणत्याही वतनाच्या दप्तरात लिहिलेले नाही. सकाळी मुलांचा वर्ग भरतो, त्याला अजून शब्बाथशाळाच म्हणतात.